सीमेजवळच्या रानात हिरव्या गणवेशाशी गाठ पडते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ॲरिझोनात येऊन मला बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात शेजाऱ्याबरोबर लाव्यांच्या शिकारीला जातो, एरवी भारतातून आलेल्या पाहुण्यांना फिरवतो. मंडळाच्या दिवाळीत फराळाची ताटली हातात आली की कोणीतरी हमखास बाजूला घेतं. "तुम्ही तिकडे सीमेजवळ बंदूक घेऊन हिंडता, पकडत नाहीत?" नाहीतर, "आईबाबांना व्हाइट सँड्सला न्यायचंय, वाटेत नाका लागतो म्हणे?" दरवर्षी तेच सांगतो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही. तुमच्या व्हिसाचा गुंता असेल तर खऱ्या वकिलाला विचारा, मला नको.

बॉर्डर पेट्रोल म्हणजे विमानतळावर शिक्का मारणारेच ना?

खातं एकच, माणसं वेगळी. विमानतळावर आणि अधिकृत सीमाद्वारांवर निळ्या गणवेशातले अधिकारी असतात. दोन द्वारांच्या मधल्या रानात फिरतात ते हिरव्या गणवेशातले एजंट. त्यांचं दल २८ मे १९२४ रोजी सुरू झालं. पांढरी गाडी आणि तिच्यावर तिरका हिरवा पट्टा दिसला की ते आले असं समजा. सध्या बातम्यांत सारखं असतं ते आयसीई, म्हणजे देशाच्या आत धरपकड करणारं खातं, निराळं. रानात याशिवाय काउंटीच्या शेरीफचा डेप्युटी भेटतो आणि शिकारीच्या हंगामात गेम अँड फिश खात्याचा अधिकारी. कोणाशी बोलतोय हे आधी ओळखा, कारण प्रत्येकाचे अधिकार निराळे.

सीमेपासून शंभर मैलांच्या आत त्यांना काहीही करता येतं, हे खरं का?

नाही. पण ही समजूत इतकी पसरली आहे की काही एजंटसुद्धा तसंच बोलतात.

कायद्यात "सीमेपासून वाजवी अंतर" असे शब्द आहेत आणि नियमांनी ते १०० मैल ठरवलं आहे. समुद्रकिनाराही सीमाच धरतात, म्हणजे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसही या पट्ट्यात येतात. पण पट्ट्यात असणं वेगळं आणि तिथे तुमची झडती घेता येणं वेगळं. १९७३ च्या अल्मेडा-सांचेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फिरत्या गस्तीला वॉरंट किंवा सबळ कारण नसताना गाडीची झडती घेता येणार नाही. ती गाडी सीमेपासून साधारण २५ मैलांवर अडवली होती.

माझ्या मते मैलांचा आकडा पाठ करण्यापेक्षा आपले पाय कुठे आहेत ते बघावं. नाक्यावर असाल तर एजंट तुम्हाला काही कारण नसताना थांबवून प्रश्न विचारू शकतो. चालत्या रस्त्यावर थांबवायला त्याच्याकडे शब्दांत सांगता येईल असा संशय हवा. गाडी उघडायची तर तुमची संमती किंवा सबळ कारण हवं. उघड्या रानात आणि कुरणात तो बराच मोकळा असतो. घराच्या उंबऱ्याशी मात्र त्याला वॉरंट लागतं, किंवा तुमचा होकार. पुढची बहुतेक उत्तरं या एका परिच्छेदाचाच पसारा आहेत.

नाके कुठे लागतात आणि तिथे काय होतं?

आपल्या लोकांना हमखास भेटणारे सांगतो. नोगालेसहून टूसॉनकडे येताना आय-१९ वर टुबाकजवळ. (या महामार्गावरच्या पाट्या मैलांत नाहीत, किलोमीटरमध्ये आहेत. अमेरिकेत राहून किलोमीटर वाचण्याचं सुख इथे मिळतं.) व्हाइट सँड्स बघून लास क्रूसेसकडे परतताना हायवे ७० वर. टेक्सासमधल्या बिग बेंड उद्यानाहून वर येताना. तिथल्याच आय-१० वर सिएरा ब्लँका. सॅन डिएगोहून लॉस एंजेलिसकडे जाताना सॅन क्लेमेंटे. नाका बहुतेक सीमेपासून आत येणाऱ्या बाजूला असतो. तुम्ही मेक्सिकोत पाऊलही टाकलेलं नसतं, तरी लागतो.

बहुतेक वेळा "यू एस सिटिझन?" एवढा एक प्रश्न, आणि दहा सेकंदांत सुटका. १९७६ च्या मार्टिनेझ-फुएर्ते निकालाने अशा कायमच्या नाक्यांवर थोडक्यात चौकशी करायला आणि गाडी बाजूच्या रांगेत घ्यायला मुभा दिली. तिथे गाडीची झडती घ्यायची तर सबळ कारण लागतंच, हे त्याच्या आदल्याच वर्षी ऑर्टिझ खटल्यात ठरलं होतं. "डिकी उघडता का?" हा प्रश्न आहे, हुकूम नाही. "माझी संमती नाही" असं शांतपणे म्हणता येतं. मात्र त्यांचा वास घेणारा कुत्रा गाडीभोवती फिरून खूण देऊन गेला की एजंटाला कारण मिळालं, मग संमतीला अर्थ उरत नाही.

गप्प राहण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण व्हिसावर असणाऱ्याने तिथे घटनात्मक वाद घालावा असं मला वाटत नाही. ती चैन नागरिकांची. यूट्यूबवर काच दोन बोटं खाली करून वाद घालणारे जे दिसतात, त्यांच्या खिशात अमेरिकेचा निळा पासपोर्ट असतो.

आईबाबा भारतातून आलेत. त्यांचे पासपोर्ट घरी तिजोरीत ठेवले तर चालेल?

चालणार नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नागरिक नसलेल्या १८ वर्षांवरील प्रत्येकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा, असा जुना कायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी ते कार्ड, व्हिसावर आलेल्यांनी आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद. न बाळगल्यास दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद असं त्यात लिहिलं आहे. कित्येक वर्षं हे कोणी मनावर घेत नव्हतं. एप्रिल २०२५ पासून सरकारने अंमलबजावणी करणार असं जाहीर केलं आहे. आय-९४ संकेतस्थळावरून छापून घ्या, पासपोर्टबरोबर ठेवा. पासपोर्ट हरवेल ही आईची भीती खरी आहे, पण रात्री आठ वाजता वाळवंटातल्या नाक्यावर "हॉटेलात आहे" असं सांगणं त्याहून अवघड. माझ्या ओळखीच्या एका काकांना तसं सांगावं लागलं. दीड तास बाकावर बसवलं, मग सोडलं. कोणी आवाज चढवला नाही, पण काकूंनी उरलेली सहल गाडीतून उतरायचंच टाळलं.

दुसरं, घाईत "येस" म्हणू नका. एजंट रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न यांत्रिकपणे विचारतो आणि आपले ज्येष्ठ मान हलवण्यात तरबेज. स्वतः नागरिक असल्याचा खोटा दावा हा इमिग्रेशनच्या कायद्यातला सगळ्यात महागात पडणारा अपराध आहे. त्याने पुढचे सगळे व्हिसे आणि ग्रीन कार्ड कायमचं अडू शकतं. "नो सर, व्हिजिटर" हे तीन शब्द घरीच घोकून घ्या.

तिसरं मुलांसाठी. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत गांजा दुकानात मिळतो. केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हा आहे आणि नाका केंद्राचा. गाडीत गांजाच्या गोळ्यांचं पाकीट विसरलेला ग्रीन कार्डवाला हा वकिलांचा आवडता ग्राहक.

भर रस्त्यात मागे दिवे लागले तर?

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद, काच खाली, हात स्टिअरिंगवर. कायदा असा : १९७५ च्या ब्रिग्नोनी-पोन्से निकालानुसार फक्त चेहरामोहरा मेक्सिकन दिसतो म्हणून गाडी थांबवता येत नाही. पण चेहरा हा इतर गोष्टींबरोबरचा एक मुद्दा असू शकतो, असंही त्याच निकालात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या गस्तींवरची मनाई सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली, तेव्हा हा जुना वाद पुन्हा उघडा पडला. सावळ्या रंगाच्या माणसाने याची मनात नोंद ठेवावी.

"इतर गोष्टी" किती बारीक असू शकतात याचं उदाहरण म्हणजे २००२ चा अर्विझू खटला. डग्लसजवळच्या कच्च्या रस्त्यावर सेन्सर वाजला. मिनीव्हॅनच्या चालकाने एजंट दिसताच वेग कमी केला आणि त्याच्याकडे बघणं टाळलं. मागे बसलेल्या मुलांचे गुडघे वर आलेले, म्हणजे पायांखाली काहीतरी असावं. मग ती मुलं कोणीतरी सांगितल्यासारखी एकसारखे हात हलवू लागली. यातली एकेक गोष्ट निष्पाप आहे, पण सगळ्या मिळून संशयाला पुरेशा आहेत, असं न्यायालय म्हणालं. गाडीत खरंच गांजा निघाला. तेव्हापासून शेजारी मला चिडवतो, एजंट दिसला तर हात हलवायचा की नाही हे आधी ठरवून ठेव.

एच-१बी वर असताना मुळात शिकार करता येते का?

येते, पण अट समजून घ्या. केंद्राच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच बंदी आहे. त्या बंदीला असलेला एक अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) आणि एफ-१ (विद्यार्थ्याचा) लाही हेच. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

मेख "चालू" या शब्दात आहे. ॲरिझोनाचा परवाना विकत घेतल्यापासून ३६५ दिवस चालतो. तो संपला आणि बंदूक कपाटात राहिली, तर त्या दिवसापासून तुम्ही गुन्हेगार. शिकारीला गेलात की नाही याचा संबंध नाही. नोकरी जाऊन कायदेशीर दर्जाच संपला तर परवानाही वाचवत नाही. मी फोनवर परवाना संपायच्या महिनाभर आधीची आठवण लावून ठेवली होती. माझ्या ओळखीतले दोघे जण तर ग्रीन कार्ड येईपर्यंत मित्राचीच बंदूक मित्राच्या सोबतीने वापरत. हातात घेणं म्हणजेही बाळगणंच, तेव्हा परवाना त्यांनाही लागलाच.

रानात मी एकटा असतो. मग त्यांना कळतं कसं?

हा माझा आवडता प्रश्न.

सीमेला समांतर कच्चे रस्ते असतात. एजंट गाडीमागे साखळीने जुने टायर बांधून त्यावरून ओढत नेतात. माती सारवल्यासारखी गुळगुळीत होते. काही तासांनी परत येऊन बघतात, कोणाची पावलं उमटलीत. माग काढणं ही त्यांची मूळ विद्या आहे. कच्छच्या रणात पागी करतात तेच काम. पावलाच्या कडा ढासळल्या आहेत का, त्यावरून रात्री एखादा किडा चालून गेलाय का, दव पडण्याआधीचं पाऊल की नंतरचं, सगळं वाचतात. सीमा ओलांडणारे म्हणून बुटांना गालिच्याचे तुकडे बांधतात. अशा रस्त्यावरून तुम्ही पहाटे हरणामागे चालत गेलात की पाठोपाठ कोणीतरी येणारच. माझ्या शेजाऱ्याची युक्ती साधी आहे : तो मुद्दाम रस्त्याच्या मधोमध ठसठशीत पावलं टाकतो आणि त्याच वाटेने परततो. लपणाऱ्या माणसाचं पाऊल कधी असं नसतं.

शिवाय जमिनीत पुरलेले सेन्सर आहेत. त्यांना गाय, हॅव्हेलीना (रानडुकरासारखा दिसणारा इथला प्राणी) आणि संगमनेरचा इंजिनिअर सगळे सारखेच. सीमेजवळच्या आरिवाका गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर कॅमेरे आणि रडार लावलेले मनोरे आहेत. कोरड्या ओढ्यात, इथे त्याला वॉश म्हणतात, मेस्किटच्या सावलीत बसून डबा खाल्लात तरी कोणीतरी पडद्यावर बघत असण्याची शक्यता आहे. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. काटेही तसेच.

हातात बंदूक आहे आणि समोरून एजंट आला. काय करायचं?

आधी त्याच्या बाजूने विचार करा. १४ डिसेंबर २०१० च्या रात्री नोगालेसच्या वायव्येला पेक कॅन्यनमध्ये ब्रायन टेरी हा एजंट सशस्त्र टोळीशी झालेल्या चकमकीत मारला गेला. २ ऑक्टोबर २०१२ रोजी नाकोजवळ सेन्सर वाजला म्हणून वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या एजंटांनी अंधारात एकमेकांवरच गोळ्या झाडल्या. त्यात ३० वर्षांचा निकोलस आयव्ही गेला. अंधारात आपला माणूस ओळखू न येणाऱ्या या रानात तुम्ही छद्मावरण घालून, रायफल घेऊन, झुडपातून उभे राहणार आहात.

म्हणून नळी जमिनीकडे, बोट चापापासून दूर, आणि आधी आवाज. "हंटर!" असं मोठ्याने ओरडा. त्याने सांगितलं तरच बंदूक खाली ठेवा, स्वतःहून झटकन वाकू नका. खिशात हात घालण्यापूर्वी तसं तोंडाने सांगा. ॲरिझोनात नारिंगी जॅकेट घालण्याची सक्ती नाही, पण सीमेजवळच्या ३६ए, ३६बी, ३६सी या विभागांत मी कूझ हरणाच्या मागावर असतानाही नारिंगी टोपी घालतो. हरणाला तो रंग दिसत नाही, एजंटाला दिसतो. उजाडण्यापूर्वी चालायचं असेल तर डोक्यावरचा दिवा लावूनच. दिवा विझवून चालणारे दोनच प्रकारचे लोक असतात, आणि तुम्ही दोन्हींत नसता.

शिकार परवाना आणि टॅग मागणं हे गेम अँड फिशच्या अधिकाऱ्याचं काम. एजंट सहसा फक्त "काही पाहिलंत का?" विचारतो. बहुतेक भेटी तेवढ्यावरच संपतात. काही एजंट स्वतः शिकारी असतात आणि हरणं कुठल्या खिंडीत आहेत ते तुमच्यापेक्षा जास्त त्यांना माहीत असतं. मी एकदा अर्धा तास लाव्यांबद्दल गप्पा मारल्या आणि चांगली जागा पदरात पाडून घेतली.

रँचमालकाच्या जमिनीत ते न विचारता कसे घुसतात?

सीमेपासून २५ मैलांच्या आत खासगी जमिनीवर गस्तीसाठी जायला कायद्याने परवानगी आहे. राहत्या घरात मात्र नाही. त्यापलीकडेही उघड्या शेताला घराइतकं संरक्षण नाही, हे १९८४ च्या ऑलिव्हर निकालात स्पष्ट आहे. घर आणि त्याला लागून असलेलं अंगण तेवढं सुरक्षित.

रँचवाल्यांची खरी तक्रार कायद्याची नसतेच. ती फाटकाची असते. उघडं राहिलेलं फाटक म्हणजे दोन कुरणांतली गुरं एकत्र, आणि मग आठवडाभर घोड्यावरून त्यांना वेगळं करणं. तस्करांनी कापलेलं कुंपण एक वेळ समजतं, सरकारी गाडीने उघडं टाकलेलं फाटक समजत नाही. शिकाऱ्यांनाही हाच नियम : फाटक जसं सापडलं तसं सोडा. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. यात चुकलात तर एजंटाआधी मालकच तुमच्याकडे येईल.

झाडाला लावलेला कॅमेरा सापडला तर काढून टाकावा का?

हात लावू नका. १ जानेवारी २०२२ पासून ॲरिझोनात शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी आहे, त्यामुळे दिसलेला कॅमेरा शिकाऱ्याचा नसून सरकारी असण्याची शक्यता बरीच. टेक्सासमध्ये लरेडोच्या उत्तरेला एका वकील-रँचमालकाला २०१७ मध्ये स्वतःच्याच जमिनीवर न विचारता लावलेला कॅमेरा सापडला. त्याने तो काढून ठेवला, सरकारने परत मागितला, खटल्याची धमकी दिली, तेव्हा हा गडी स्वतःच न्यायालयात गेला. त्याची जमीन २५ मैलांच्या पलीकडे होती. तुमची जमीन असेल तर फोटो काढा, वकिलाला दाखवा. सार्वजनिक रान असेल तर हसून पुढे चला.

सीमेच्या किती जवळ जाता येतं?

पूर्वी बऱ्याच ठिकाणी थेट भिंतीपर्यंत जाता यायचं. न्यू मेक्सिकोत एप्रिल २०२५ मध्ये सीमेलगतची १ लाख ९ हजार एकरांहून जास्त सार्वजनिक जमीन लष्कराकडे दिली गेली, पुढे टेक्सास आणि युमाकडेही असे पट्टे झाले. तिथे शिरणं म्हणजे लष्करी तळात शिरणं, वेगळा गुन्हा. जुना नकाशा आणि जुन्या मित्राचा सल्ला दोन्ही आता धोक्याचे. जाण्यापूर्वी त्या हंगामाची स्थिती बघा, लागेल तिथे परवानगी काढा.

आणि चुकूनही बंदूक किंवा सुटं काडतूस घेऊन मेक्सिकोत जाऊ नका. शिकारीनंतर सीमेपलीकडच्या नोगालेसला जेवायला जायचा बेत असेल तर गाडीच्या सीटखाली गेलेलं एक काडतूसही आधी शोधा. तिथे तो गंभीर गुन्हा आहे.

रानात कोणी पाणी मागितलं तर?

द्या. पाणी देणं गुन्हा नाही. माणसाला गाडीत घालून पुढे नेणं मात्र गुन्हा ठरू शकतो. मदत लागत असेल तर ९११ ला फोन करा. आहोजवळ दोघा स्थलांतरितांना आसरा दिल्याबद्दल स्कॉट वॉरन या भूगोलाच्या शिक्षकावर खटला भरला होता. जून २०१९ मध्ये ज्यूरीत एकमत झालं नाही, नोव्हेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. त्याच जून महिन्यात ल्यूकव्हिलच्या पश्चिमेला भारतातून आईबरोबर आलेली सहा वर्षांची मुलगी उन्हाने मेली. आई पाणी शोधायला गेली होती. मी तेव्हापासून गाडीत दोन कॅन जास्त ठेवतो.

तिथल्या लोकांचं या एजंटांबद्दल मत काय?

कोणाला विचारता त्यावर आहे. मार्च २०१० मध्ये डग्लसजवळ रॉबर्ट क्रेंट्झ हा रँचमालक स्वतःच्या जमिनीवर मारला गेला. मारेकरी सापडला नाही. त्या भागात आजही एजंट कमी आहेत अशीच तक्रार ऐकू येते. उलट आरिवाकाच्या लोकांना किराणा, दवाखाना, शाळा, सगळ्यासाठी नाका ओलांडावा लागतो. ते २०१४ पासून नाक्यासमोर खुर्च्या टाकून एजंटांच्याच नोंदी ठेवू लागले. लॅटिनो दिसणाऱ्यांकडे ओळखपत्र मागण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे, असं त्यांनी दाखवलं. पश्चिमेकडच्या टोहोनो ओऑडम या मूळनिवासी लोकांची तर भूमीच सीमेने चिरली आहे. नातेवाईक पलीकडे, देवस्थानं पलीकडे, आणि स्वतःच्या भूमीत गाडी थांबवून विचारतात, कुठून आलात. तिन्ही गटांत माझे परिचित आहेत आणि तिघांना एका टेबलावर बसवायची माझी हिंमत नाही.

एजंट उर्मटपणे वागला तर दाद कुठे मागायची?

एजंटावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा जवळपास बंद झालाय. वॉशिंग्टन राज्यात कॅनडाच्या सीमेलगत खानावळवजा हॉटेल चालवणाऱ्या माणसाने एजंटावर धक्काबुक्कीचा दावा लावला होता. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एग्बर्ट विरुद्ध बूल निकालात सांगितलं, एजंटावर वैयक्तिक दावा लावायची ही वाट नाही. उरते ती लेखी तक्रार. त्यासाठी तारीख, वेळ, रस्त्याचा मैल, गाडीवरचा क्रमांक आणि गणवेशावरचं नाव लागतं. चित्रीकरण करायला हरकत नाही, फक्त कामात आडवं येऊ नका आणि फोन अचानक उगारू नका. मी गाडीत डॅशकॅम लावलाय, आणि कप्प्यात एक वही आणि पेन्सिल. उन्हाळ्यात इथे बंद गाडीत पेन सुकून जातं.